अर्थिंगचा नारळ

मधुवंतीच्या दवाखान्यात देवाची तसबीर नव्हती, यूपीएस होता, आणि त्याची बडदास्त कुलदैवताहून कमी नव्हती. सकाळी शटर वर गेलं की आधी त्याच्यावरची धूळ पुसायची, त्याचा हिरवा दिवा पाहायचा आणि मगच पंखा लावायचा, असा तिचा नेम. नवरा, उन्मेष, चिडवायचा, "उदबत्ती तेवढी राहिली." ती म्हणायची, "धूर बाधतो त्याला."

बिचारीला हसण्यात अर्थ नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सांगलीहून इंदूरला आल्यावर तिनं मल्हारगंजातल्या एका बोळात, बाबूराव टोणप्यांच्या घराच्या तळमजल्यावर, लहान मुलांचे कान तपासायचा दवाखाना काढला. बोळाच्या एका तोंडाला शेव बनवायचा कारखाना, दुसऱ्या तोंडाला लेथ मशीनचं वर्कशॉप. कुणाची मोटर सुरू झाली की घरोघरचे दिवे मान टाकायचे, बंद झाली की डोळे वटारायचे. अशाच एका डोळे वटारण्यात तिच्या नव्या कोऱ्या मशीनचं कार्ड जळालं. त्या दिवशी तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही.

मशीनही तसंच नाजूक. बाळाला झोपवायचं, कपाळावर आणि कानांमागे छोट्या तारा चिकटवायच्या, कानात बारीक टकटक वाजवायची. आवाज पोचला तर मेंदूतून विजेचा एक इवलासा जबाब येतो, तो कॉम्प्युटर टिपतो आणि पडद्यावर रेघ काढतो. रेघेत उंचवटा दिसला, तर बाळाला ऐकू येतं. हा जबाब इतका बारीक असतो की घरातल्या विजेत जरा गढूळपणा आला तरी तो त्यात बुडून जातो. आणि सहा-आठ महिन्यांच्या बाळाला कुणी विचारू शकत नाही, की बाबा रे, ऐकू आलं का? त्या रेघेवरच सगळी भिस्त.

कार्ड जळाल्यावर तिला समीर भेटला. हा इंदूरचाच मराठी, चार पिढ्यांचा. यूपीएस आणि बॅटऱ्यांचं काम करायचा आणि बोलायला लागला की थांबायचा नाही.

"मैडम, इथली लाइन एकदम कचरा आहे," त्यानं पहिल्याच दिवशी निकाल दिला. "ऑनलाइन यूपीएस लावू, म्हणजे मशीनला मिळेल ती छानलेली, गाळून आलेली वीज. लाइट गेली तरी पडदा डोळा मिचकावणार नाही, बॅटरी सांभाळून घेईल. पण सगळ्यात आधी अर्थिंग पक्की पाहिजे. नहीं तो सब बेकार. करंटमधला कचरा जमिनीत जायला रस्ता नको का?"

मग घराच्या बाजूच्या अंगणवजा चौकात खड्डा खणायचं ठरलं. मधुवंतीनं हे आईला सांगलीला फोनवर सांगायला आणि आईनं फर्मान सोडायला गाठ पडली. "जमीन उकरताय ना? मग नारळ फोडल्याशिवाय कुदळ लावू देऊ नकोस."

नारळ फुटला. समीरनं खड्ड्यात तांब्याचा पत्रा उभा केला, त्याभोवती कोळशाचा थर, मग मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असं भरत वर आणलं, मधोमध एक पाइप ठेवला आणि तोंडावर लोखंडी झाकण बसवलं. शेवटी तो म्हणाला, "मैडम, एक गोष्ट लक्षात ठेवा, गर्मीत यात रोज पाणी टाकत जा." मैडम तेव्हा आईला नारळ कसा फुटला ते सांगत होत्या. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यात केवढं अंतर असतं, हे कान तपासणाऱ्या बाईला खरं तर दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

बाबूराव टोणपे हे सगळं जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना खूप वर्षं झाली होती, बायको गेलेली, मुलगी निशिगंधा देवासला. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांचे देव असे राहायचे. समीर हातपाय धुवायला गेला तेव्हा त्यांनी त्याला हळूच काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि म्हातारबुवा समाधानानं मान हलवत वर गेले.

त्यानंतर मधुवंतीला एक नवाच त्रास सुरू झाला. सकाळी येऊन पाहावं तर झाकणाभोवती सगळं ओलं, वर जास्वंदीची एखादी पाकळी, तुळशीचं पान, गंधाचा ओघळ. काका देवाचं निर्माल्य आणून इथे टाकतात, एवढं तिला कळलं. घरमालकाला बोलायचं कसं? ती नाक मुरडून केरसुणी घ्यायची आणि पाकळ्या लोटून टाकायची. एकदा पाय घसरता घसरता राहिला, तेव्हा उन्मेषपाशी ती बडबडली, "एवढ्या मोठ्या घरात यांना हीच जागा सापडते." पण काका चांगले. दुपारी वरून पोह्यांची बशी पाठवायचे, वर इंदुरी जिरावन मसाला भुरभुरवून. पोह्यांपुढे पाकळ्यांची तक्रार टिकली नाही.

पहिला उन्हाळा सुरेख गेला. रेघा कशा धुतल्यासारख्या यायच्या. मधुवंती यूपीएसवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "राजा आहेस तू."

या वर्षी चैत्र सरता सरता बाबूराव मोतीबिंदू काढायला देवासला लेकीकडे गेले. एका डोळ्याचं झालं की दुसऱ्याचं, म्हणजे चांगला मोठा मुक्काम. जाताना त्यांनी देवही डब्यात घालून बरोबर घेतले. "मी तिथे जेवणार आणि हे इथे उपाशी बसणार, बरं दिसतं का?" असं म्हणून डबा मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. चौकातलं झाकण कोरडं राहू लागलं. मधुवंतीला बरंच वाटलं. झाडायचं एक काम कमी झालं.

वैशाखात बेटम्याहून लीला आली. बरोबर सासू, कमलबाई, आणि कडेवर आठ महिन्यांचा श्रीहरी. गोरागोमटा, हसरा, पण हाक मारली तर बघायचाच नाही. घरात दोन तट पडले होते. कमलबाई त्याच्या पाठीमागे ताट वाजवायच्या. कधी पोर दचकायचं, की एक तट म्हणायचा ऐकू येतं. कधी ढिम्म बसायचं, की दुसरा तट माना हलवायचा. लीलाच्या माहेरी एक चुलतआजोबा बहिरे होते, हे आता शेजारीपाजारीही तिला ऐकवू लागले होते.

"मैडम, मला खरं काय ते सांगा बस," लीला म्हणाली. "बहिरा असेल तर बहिरा. मी त्याच्यासाठी हातांनी बोलायला शिकेन. पण रात्रंदिवस हे काय आहे, काय नाही, त्यानं मी पागल होऊन जाईन."

तपासणीच्या वेळी बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून त्याला सकाळपासून झोपू द्यायचं नाही असा नियम. बेटमा ते इंदूर बसमध्ये दोघी सासवासुना पोराच्या तळपायाला गुदगुल्या करत आल्या होत्या. सगळी बस त्यांना नावं ठेवत होती. दवाखान्यात आल्यावर दूध पिऊन पोर झोपलं तेव्हा आधी त्या दोघीच पेंगल्या.

मधुवंतीनं तारा चिकटवल्या, मशीन सुरू केलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. रेघ कुठली, पडद्यावर नुसती शेव पडत होती. यूपीएसवर हिरव्या दिव्याशेजारी एक लाल दिवा लागला होता. तिनं तारा बदलल्या, पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. शेव पडतच राहिली. आणि श्रीहरी जागा झाला.

"काय निघालं?" लीलानं विचारलं.

"काहीच नाही निघालं," मधुवंती म्हणाली. "मशीन नीट चालत नाहीये. पुन्हा यावं लागेल तुम्हांला."

त्या गढूळ रेघेत उंचवटा नव्हता. 'प्रतिसाद नाही' असं लिहून मोकळं होता आलं असतं, आणि तसं लिहिणारेही असतात. मग ते पोर त्या एका कागदानं बहिरं ठरलं असतं. मधुवंतीनं लिहिलं नाही. पण बसकडे निघालेल्या लीलाची पाठमोरी चाल तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग समीरला बोलावणं गेलं. त्यानं बॅटऱ्या तपासल्या आणि दोन बदलल्या. एकदा पाहावं म्हणून यूपीएस उघडून आतली धूळ उडवली. "हे शेववाले नवीन मोटर लावून बसले असतील," असा त्याला संशय आला, म्हणून तो कारखान्यात जाऊन मालकाशी भांडून आला. भांडण एवढं रंगलं की येताना शेवेची पुडी घेऊन आला. लेथवाल्याकडेही चक्कर झाली. लाल दिवा मिटमिटत होता तो होताच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा दोघांनी मिळून पूर्ण घातला.

लीला ठरल्या दिवशी पुन्हा आली. तेच गुदगुल्यांचं बसपुराण, तेच दूध, तीच झोप, आणि पडद्यावर तीच शेव. या वेळी लीलानं पडद्याकडे पाहिलंही नाही. पोराला छातीशी घेऊन खाली बघत बसली. कमलबाई म्हणाल्या, "मैडमजी, तुम्ही तोंडानं सांगायला घाबरता का? आमचं नशीब तसं असेल तर सांगून टाका."

"कमलबाई, तुमच्या नशिबाचा यात काही संबंध नाही," मधुवंती जवळजवळ ओरडली. "माझ्या मशीनचं नशीब फुटलंय." आणि तिनं समीरला फोन लावला, असा की तो पोहे सोडून आला.

समीरनं मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातलं, आकडा बघितला आणि शीळ घातली. "अरे भिया! अर्थिंगच गायब आहे." तो तरातरा चौकात गेला आणि त्यानं झाकण उचललं. आतली माती तडकली होती. मिठाचे पांढरे खडे दगडासारखे झाले होते. पाइपात कोळी नांदत होता.

"मैडम, पाणी नाही टाकलं का?"

"कसलं पाणी?"

"मी म्हटलं होतं ना, गर्मीत रोज पाणी टाका! सूखी मिट्टी करंट पित नाही. ओल असेल तर सगळा कचरा खाली जातो, नाही तर तुमच्या मशीनमध्येच फिरत बसतो."

"मी तर कधीच नाही टाकलं," मधुवंती म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही."

समीरनं डोकं खाजवलं. "मग पिछल्या गर्मीत कसं चाललं? इंदूरच्या उन्हात हे पंधरवड्यात वाळून जायला पाहिजे होतं. कोणीतरी टाकत होतं, मैडम."

मधुवंतीची नजर झाकणाच्या कडेकडे गेली. गंजलेल्या खाचेत वाळून काळी पडलेली एक पाकळी अडकली होती. जास्वंदीची. केरसुणीला चुकून राहिलेली.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. बाबूराव बसायचे त्याच पायरीवर. रोज सकाळी, तिच्या आधी, एक म्हातारा माणूस गुडघे धरत हा जिना उतरत होता आणि तिच्या मशीनला पाणी पाजून जात होता, आणि ती मागून येऊन नाक मुरडून ते झाडत होती. जितक्या पोरांच्या रेघा तिनं गेल्या वर्षी वाचल्या, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे पाणी होतं. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते कळेना.

"बसलात काय? बादली आणा," समीर म्हणाला.

पुढचा तासभर मल्हारगंजातल्या त्या चौकात मंगलकार्य असावं अशी धावपळ झाली. मधुवंती पाणी भरत होती, समीर मीठ कालवून पाइपात हळूहळू ओतत होता. लीलाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण पाणी घालून काही होणार असेल तर ती मागे राहणारी नव्हती. पोराला सासूकडे देऊन तीही बादल्या आणू लागली. खड्डा पाणी पीत होता, पीत होता, पोट भरतच नव्हतं. श्रीहरी जागा होऊन हे कौतुक बघत होता.

दुपारी समीरनं पुन्हा मीटर लावलं. आकडा उतरला होता. थोड्या वेळानं आणखी उतरला. "आज भागेल," तो म्हणाला. यूपीएसवरचा लाल दिवा विझला. कमलबाईंनी पायांवर घालून, मांडी हलवत पोराला पुन्हा झोपवलं.

मधुवंतीनं तारा चिकटवल्या. मोठ्या आवाजापासून सुरुवात केली. पडद्यावर रेघ उमटू लागली, आणि ती रेघच होती, स्वच्छ, शांत. तेवढ्यात खट्ट झालं, पंखा घरघरत थांबला आणि सगळ्या बोळातली वीज गेली. लीलानं सासूचा हात घट्ट धरला. यूपीएसनं एक बारीक टिक् केली, मी आहे म्हणाल्यासारखी, आणि पडदा जसाच्या तसा उजळ राहिला. लेथ थांबलं होतं, शेवेची मोटर थांबली होती. कमलबाई पदरानं नातवाला वारा घालत होत्या. रेघ पुढे सरकत होती.

आणि उंचवटा आला.

मधुवंतीनं तो दोनदा, तीनदा काढून पाहिला. मग आवाज कमी कमी करत गेली. एका टप्प्यापर्यंत उंचवटा येत राहिला, मग पुसट झाला, मग मिटला. दुसऱ्या कानाचंही तेच. तिनं बाळाच्या कानांतल्या नळ्या काढल्या आणि ती लीलाकडे वळली.

"तुमचा मुलगा बहिरा नाही," ती म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतं. हळू बोललेलं पोचत नाही, जोरात बोललेलं पोचतं. म्हणून कधी वळायचा, कधी नाही. दोन्ही कानांना ऐकायचं मशीन लावू, आत्ता, लहानपणीच. तो बोलायला शिकेल."

लीलानं झोपलेल्या श्रीहरीच्या गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी अंगाई म्हणते, ती त्याच्यापर्यंत जातच नाही?"

"अजून नाही जात. जाईल."

मग ती रडली, मोकळी रडली. कमलबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मधुवंतीचे पाय धरायला वाकल्या. मधुवंतीनं त्यांना वरच्या वर धरलं. "माझे नका धरू. ज्याचे धरायचे तो माणूस देवासला आहे."

तिनं तिथल्या तिथे, त्या दोघींसमोर, बाबूरावांना फोन लावला.

"काका, डोळा कसा आहे?"

"मस्त आहे, बेटा. निशिगंधाच्या घरात केवढी जाळी आहेत ते आता दिसायला लागलं. तिला सांगितलं तर रागावली."

"काका, तुम्ही माझ्या त्या झाकणावर रोज पाणी का घालत होता?"

"का ग? काही बिघडलं का मशीनचं?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"नाही हो. सांगा ना."

"अग, तूच तिथे नारळ फोडला होतास. मग त्या मुलानं मीठ घातलं, कोळसा घातला, तांबं पुरलं. दृष्ट काढायचंच सामान की सगळं! मी त्याला विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, अंकल, पोरांच्या टेस्टमध्ये विघ्न नको म्हणून. मी म्हटलं, वा. आपल्या घरात एवढं चांगलं काम चाललंय, आपला काही हात नको का लागायला? मग देवांच्या अंघोळीचं पाणी तिथे घालायचो. पूजा केलेली जागा कोरडी ठेवू नये. आणि म्हणायचो, आज जे लेकरू खाली येईल त्याला ऐकू येऊ दे रे बाबा."

मधुवंतीनं फोन हातात घट्ट धरला. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, की ते दृष्टीचं नाही, अर्थिंगचं आहे, विजेतलं वाईट असतं ते जमिनीत निघून जातं, आणि त्यासाठी जमीन ओली लागते.

"मग मी वेगळं काय म्हणतोय?" बाबूराव म्हणाले. "दृष्ट तरी दुसरं काय असते?"

मधुवंती हसली. ती म्हणाली, "काका, लवकर या. मी रोज पाणी घालते आहे, पण मला तुमच्यासारखं म्हणता येत नाही."

ज्येष्ठात बाबूराव परतले, काळा चष्मा लावून, देवांचा डबा मांडीवर घेऊन. आदल्या दिवशी मधुवंतीनं चौक स्वतः धुतला होता आणि केरसुणी मागे टाकून दिली होती. दुसऱ्या सकाळी लीला, कमलबाई आणि श्रीहरी मशीन लावायला आले. दोन इवलीशी मशीनं त्याच्या कानांमागे बसली. पोरानं हात लावून पाहिलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि कमलबाईंच्या कडेवर गप्प झालं.

सगळे चौकात आले, तर बाबूराव लोटा घेऊन जिन्यावर उभे होते. डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं.

"तू घाल आज," त्यांनी लोटा लीलापुढे धरला. "तुझ्याच लेकराचं आहे."

लीलानं झाकण सरकवून पाणी ओतलं. पाण्याबरोबर एक पाकळी आली आणि कडेला चिकटून राहिली. मग झाकण लावून तिनं लोटा त्यावर ठेवला. लोखंडावर पितळ वाजलं, ठण्ण.

कमलबाईंच्या कडेवरून श्रीहरीनं मान वळवली. त्यानं लोट्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

मधुवंतीनं तोंडावर हात धरला होता. बाबूरावांनी काळा चष्मा काढला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं विसरून डोळे चोळले.

"वाजव, बेटा," ते म्हणाले. "पुन्हा वाजव."

लीलानं लोटा उचलला आणि पुन्हा झाकणावर ठेवला.